घर नावावर करण्यापूर्वी : ज्येष्ठांचे हक्क, कायदा आणि दोन पिढ्यांमधील समज

आई-वडिलांचा सांभाळ करणे हे आपल्याकडे कर्तव्य मानले गेले आहे. त्यासाठी कधी कायदा करावा लागेल, असे दोन पिढ्यांपूर्वी कोणाच्या मनातही आले नसते. तरीही हिमाचल प्रदेशाने २००१ मध्ये आणि संसदेने २००७ मध्ये तो केला. ‘आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७’ हे त्या केंद्रीय कायद्याचे नाव. नाव अनेकांनी ऐकलेले असते, पण त्यात नेमके काय आहे हे ठाऊक असणारे थोडे. बहुतेकांना त्याची आठवण होते ती घर मुलाच्या वा मुलीच्या नावावर करून झाल्यावर, घरातील बोलणे थांबल्यावर आणि औषधाच्या चिठ्ठीवरून वाद सुरू झाल्यावर. तोवर पुष्कळ वेळा कागदावर सही झालेली असते.

म्हणून या कायद्यात काय आहे, गोव्याच्या नागरी कायद्यामुळे येथील ज्येष्ठांची स्थिती कोणत्या बाबतीत वेगळी ठरते आणि कायदा जेथे थांबतो तेथून पुढे कुटुंबाने काय करावे, याची एकत्रित मांडणी येथे केली आहे.

वयस्क होत चाललेला गोवा

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के होते. गोव्यात ते ११.२ टक्के होते. केरळच्या (१२.६ टक्के) खालोखाल देशातील हे सर्वाधिक प्रमाण. साडेचौदा लाखांच्या राज्यात दीड लाखाहून अधिक माणसे तेव्हाच ज्येष्ठ नागरिक होती. त्यानंतरची जनगणना लांबली. दरम्यानच्या काळात हे प्रमाण वाढतच गेले, हे सांगायला आकडेवारीची वाट पाहण्याची गरज नाही. सकाळी कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर किंवा निवृत्तिवेतनाच्या दिवसांत बँकेत नजर टाकली तरी ते दिसते.

याची कारणे मुळात चांगली आहेत. आरोग्यसेवा सुधारली, आयुर्मान वाढले, शिक्षण पसरले, कुटुंबे लहान झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्याचा एकूण जननदर १.३ नोंदला गेला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो साधारण २.१ असावा लागतो. याचा घरगुती अर्थ सोपा आहे. एकुलता एक मुलगा आणि एकुलती एक मुलगी विवाह करतात, तेव्हा त्या दोघांवर चार वृद्धांची जबाबदारी येते. त्यातच गोव्यातील तरुण पिढी नोकरीनिमित्त आखातात, बोटीवर, पोर्तुगालात, इंग्लंडमध्ये किंवा पुण्या-बंगळुरूला असते. वाड्यावरच्या मोठ्या घरात दोन म्हातारी माणसे, काही ठिकाणी एकच, आणि दर रविवारी येणारा व्हिडिओ कॉल, हे चित्र आता अपवादाचे राहिलेले नाही.

दया नव्हे, हक्क

संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेरोजगारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता या प्रसंगी राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार सार्वजनिक साहाय्य देण्याची तरतूद करावी, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. मार्गदर्शक तत्त्वे थेट न्यायालयातून अमलात आणता येत नाहीत. मात्र १३ डिसेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठांचा प्रतिष्ठेने जगण्याचा, निवाऱ्याचा आणि आरोग्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीविताच्या मूलभूत हक्काशी जोडला. सरकारने या कायद्याच्या अंमलबजावणीकडे लक्ष द्यावे, वृद्धाश्रम आणि वैद्यकीय सुविधांची माहिती गोळा करावी, असे निर्देशही त्या प्रकरणात देण्यात आले.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८२ मध्ये व्हिएन्ना येथे वार्धक्याविषयीचा पहिला जागतिक कृती आराखडा तयार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९१ मध्ये ज्येष्ठांसाठी स्वावलंबन, सहभाग, काळजी, आत्मपूर्ती आणि प्रतिष्ठा ही पाच तत्त्वे स्वीकारली. १९९१ पासूनच १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. २००२ मध्ये माद्रिदचा आराखडा आला. एप्रिल २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने ज्येष्ठांच्या हक्कांसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार तयार करण्याकरिता कार्यगट नेमण्याचा ठराव केला. बालकांसाठी, स्त्रियांसाठी आणि दिव्यांगांसाठी असे करार आधीच झाले आहेत. वृद्धांसाठी मात्र ते काम आता कोठे सुरू होत आहे.

या पाच तत्त्वांतील ‘काळजी’ हे एकच तत्त्व आपल्याकडे सहसा ध्यानात घेतले जाते. स्वावलंबन आणि सहभाग यांचा विसर पडतो. वृद्ध व्यक्तीला वेळेवर जेवण मिळते, पण तिचे बँकेचे पासबुक दुसऱ्याच्या कपाटात असते आणि घराच्या दुरुस्तीचा निर्णय तिला न विचारता होतो. अशा घरात काळजी असते, हक्क नसतो.

२००७ चा कायदा कोणासाठी, कोणाविरुद्ध

साठ वर्षे पूर्ण झालेला भारतीय नागरिक म्हणजे ज्येष्ठ नागरिक. आई-वडिलांना मात्र वयाची अट नाही. जन्मदाते, दत्तक घेतलेले वा सावत्र आई-वडील साठीच्या आतले असले तरी त्यांना या कायद्याचा आधार घेता येतो. ‘अपत्य’ या शब्दात सज्ञान मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांचा समावेश होतो. विवाहित मुलीची जबाबदारी विवाहाने संपत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेखालील चरितार्थाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने हे १९८७ मध्येच स्पष्ट केले होते.

अपत्य नसलेल्या ज्येष्ठाला आपल्या ‘नातेवाइका’कडून चरितार्थ मागता येतो. नातेवाईक म्हणजे त्याचा असा सज्ञान कायदेशीर वारस, ज्याच्या ताब्यात त्याची मालमत्ता आहे किंवा त्याच्या पश्चात ज्याला ती मिळणार आहे. पुतण्या वा भाचा यांना मालमत्ता हवी असेल तर जबाबदारीही घ्यावी लागेल, हे या व्याख्येमागचे साधे तत्त्व.

‘चरितार्थ’ या संज्ञेत अन्न, वस्त्र, निवास, वैद्यकीय देखभाल आणि उपचार येतात. स्वतःच्या कमाईतून वा मालमत्तेतून ज्याला निर्वाह करता येत नाही, त्याला अर्ज करता येतो. सामान्य जीवन जगता येईल इतकी तरतूद करणे हे अपत्याचे कर्तव्य आहे. कायद्याने चरितार्थाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये ठेवली आहे. ही मर्यादा काढून टाकणारे आणि सून-जावई यांना ‘अपत्य’ या व्याख्येत घेणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. परंतु ते संमत न होता त्या लोकसभेबरोबर रद्दबातल झाले. त्यामुळे २००७ ची रक्कम आजही कायम आहे. त्या वेळी दहा हजारांत जे भागत होते, ते आता मधुमेह-रक्तदाबाची औषधे आणि दिवसभराची एक मदतनीस यांतच संपते.

ज्यांना अधिक रक्कम मागायची आहे, त्यांच्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग खुला आहे. पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. तेथे रकमेला वरची मर्यादा नाही. मात्र दोन्हींपैकी एकच मार्ग निवडता येतो.

अर्ज कोठे आणि कसा

या कायद्याखालील न्यायाधिकरणाचा प्रमुख उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसावा, अशी तरतूद आहे. म्हणजे न्यायालयाची पायरी न चढता उपजिल्हाधिकारी कार्यालयात दाद मागता येते. ज्येष्ठ व्यक्ती जेथे राहते वा पूर्वी शेवटी जेथे राहत होती त्या जिल्ह्यात, किंवा अपत्य जेथे राहते त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. ज्येष्ठाला स्वतः अर्ज करणे शक्य नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था तो करू शकते. न्यायाधिकरणाला स्वतःहूनही दखल घेता येते.

प्रक्रियेतील महत्त्वाचे टप्पे असे आहेत :

• सुनावणीपूर्वी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवता येते. त्याने एका महिन्यात आपला निष्कर्ष द्यायचा असतो. समेट झाला तर त्याप्रमाणे आदेश होतो.

• अपत्याला नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत चरितार्थाच्या अर्जाचा निकाल लागावा, अशी मुदत आहे. अपवादात्मक परिस्थितीत ती एकदाच, जास्तीत जास्त ३० दिवसांनी वाढवता येते. दरम्यान अंतरिम चरितार्थाचा आदेशही मागता येतो.

• आदेश झाल्यावर ३० दिवसांत रक्कम भरायची असते. न भरल्यास वसुलीचे अधिपत्र निघू शकते आणि एक महिन्यापर्यंत वा रक्कम भरेपर्यंत कैद होऊ शकते. वसुलीसाठी रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करणे आवश्यक आहे. पुष्कळ वृद्ध ‘पुढच्या महिन्यात देईल’ म्हणून थांबतात आणि ही मुदत निघून जाते.

• आदेशाविरुद्ध ६० दिवसांत जिल्हाधिकारी स्तरावरील अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. कायद्याच्या शब्दांत हा हक्क ज्येष्ठ नागरिक वा पालक यांनाच दिलेला आहे. अपत्यालाही तो आहे की नाही, याविषयी उच्च न्यायालयांत मतभेद दिसतात.

• समाजकल्याण खात्याचा अधिकारी ‘निर्वाह अधिकारी’ या नात्याने ज्येष्ठाची बाजू मांडू शकतो.

अर्जासोबत वयाचा पुरावा, नात्याचा पुरावा, उत्पन्नाचा व औषधोपचाराच्या खर्चाचा तपशील आणि मालमत्तेचे कागद जोडावेत. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे. वृद्ध विधवांना हे ठाऊक नसते, म्हणून ते येथे मुद्दाम नोंदवले आहे.

ज्येष्ठाची काळजी घेण्याची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने त्याला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडून दिले, तर तो गुन्हा ठरतो. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा गुन्हा दखलपात्र आहे. उपचार झाल्यावर वृद्ध रुग्णाला नेण्यासाठी कोणी येत नाही, तेव्हा तो प्रश्न रुग्णालयाच्या खाटेपुरता उरत नाही, हे ध्यानात घ्यावे.

कलम २३ : दानपत्रातील एक ओळ

या कायद्यातील सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत गैरसमजाचे कलम म्हणजे २३ वे. कायदा लागू झाल्यानंतर एखाद्या ज्येष्ठाने दानपत्राने किंवा अन्य प्रकारे आपली मालमत्ता दिली, ती घेणाऱ्याने आपल्या मूलभूत सोयी व शारीरिक गरजा पुरवाव्यात अशी अट घातली आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने वा दबावाने झाले असे मानले जाते. ज्येष्ठाची इच्छा असल्यास न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकते.

येथे ‘अट’ या शब्दाला सर्व महत्त्व आहे. ६ डिसेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सांभाळ करण्याची अट हस्तांतराला जोडलेली होती हे दाखवता आले नाही, तर कलम २३ चा लाभ मिळणार नाही. मायेपोटी, काही न लिहिता दिलेले घर परत मागणे त्यामुळे कठीण होते.

२ जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने उदार भूमिका घेतली. मध्य प्रदेशातील छतरपूर येथील एका मातेने मुलाला दानपत्र करून दिले होते. मुलाने तिचा सांभाळ करण्याचे वचन स्वतंत्र कागदावर लिहून दिले होते. ते दोन्ही कागद एकत्र वाचून न्यायालयाने दानपत्र रद्द करण्याचा आदेश कायम केला. हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी केलेला असल्याने त्याचा अर्थ त्याच दृष्टीने लावावा आणि घराचा ताबा परत देण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

दोन्ही निकालांतून सामान्य वाचकाने घ्यायचा बोध एकच. घर द्यायचेच असेल, तर निवास, जेवण, औषधोपचार आणि खर्चाची तरतूद करण्याची अट दानपत्रातच स्पष्ट शब्दांत लिहावी. ‘प्रेमापोटी व स्नेहापोटी’ एवढ्यावर थांबू नये. मुलाला राग येईल, या भीतीने अट लिहायचे टाळले जाते. परंतु जी अट पाळण्याची मनापासून तयारी आहे, ती लिहिल्याने कोणाचे नुकसान होत नाही.

गोव्याच्या नागरी कायद्यामुळे पडणारा फरक

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा मुक्तीनंतरही चालू राहिली. वारसाहक्कापुरती तिची जागा २०१२ च्या गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्याने घेतली. तो २०१६ मध्ये अमलात आला. ज्येष्ठांच्या दृष्टीने या परंपरेतील पाच गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, पती-पत्नीची समाईक मालकी. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर सामान्यतः दोघांच्या मालमत्तेत दोघांचाही निम्मा वाटा असतो. पतीच्या निधनानंतर विधवा ही मुलाच्या घरात आश्रयाला राहिलेली बाई नसते. निम्म्या घराची ती आधीपासूनच मालकीण असते. वारसांसाठी खुला होतो तो उरलेला अर्धा भाग. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक स्त्रिया स्वतःच्या घरात उपऱ्यासारख्या वागतात.

दुसरी, अनिवार्य हिस्सा. अपत्ये असताना आपल्या मालमत्तेच्या निम्म्याहून अधिक भागाची मृत्युपत्राने मनाप्रमाणे विल्हेवाट लावता येत नाही. हयातीत एका मुलाला दिलेले दानही इतरांच्या अनिवार्य हिश्श्यावर अतिक्रमण करत असेल, तर पुढे त्याला आव्हान मिळू शकते. सांभाळणाऱ्या एकाच मुलाला वा मुलीला सर्व घर लिहून देण्याची इच्छा स्वाभाविक असली तरी भावंडांतील वादाचे बीज त्यातच पडते. द्यायचे ते आपल्या मोकळ्या निम्म्या भागातून, हिशेब करून द्यावे.

तिसरी, सुनेचा वा जावयाचा वाटा. मुलाच्या विवाहाला समाईक मालकीचा नियम लागू असेल, तर दानपत्रावर एकट्या मुलाचे नाव असले तरी त्या मालमत्तेत त्याच्या पत्नीचाही वाटा निर्माण होऊ शकतो. म्हणून अशा वेळी सुनेला बाहेर ठेवून बोलणी करण्यात अर्थ नसतो. जबाबदारीची अट तिच्याही समोर ठरलेली बरी.

चौथी, उपभोगाचा हक्क. मालकी मुलाला देऊन हयातभर घरात राहण्याचा आणि बागायतीचे उत्पन्न घेण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवता येतो. नारळ-सुपारीचे उत्पन्न किंवा घरभाडे ज्यांच्या चरितार्थाचा आधार आहे, त्यांच्यासाठी संपूर्ण दानापेक्षा ही व्यवस्था सुरक्षित आहे. आपला उपभोग पतीच्या वा पत्नीच्या निधनानंतर मागे राहणाऱ्या जोडीदारालाही मिळेल, असे कागदात स्पष्ट करून घ्यावे.

पाचवी, वारसाहक्कातून वगळणे. आई-वडिलांना विनाकारण चरितार्थ नाकारणाऱ्या अपत्याला वारसाहक्कातून वगळण्याची मुभा या परंपरेत आहे. मात्र ते मृत्युपत्रातूनच आणि कारण स्पष्ट नमूद करून करावे लागते.

२००७ चा केंद्रीय कायदा गोव्यालाही लागू आहे आणि विसंगत तरतुदींवर तो वरचढ ठरतो. तरीही प्रत्यक्ष कागद करताना दोन्ही कायदे जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे. तूर्त एक भेद लक्षात ठेवला तरी पुरे : मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, दानपत्र एकदा नोंदले की सहजासहजी परत घेता येत नाही.

सुनेचा हक्कही हक्कच

ज्येष्ठांचा कायदा हाती आला म्हणून तो घरातील दुसऱ्या दुर्बळ व्यक्तीविरुद्ध वापरावा, असे नाही. बंगळुरूच्या एका प्रकरणात सासू-सासऱ्यांनी या कायद्याचा आधार घेऊन सुनेला घराबाहेर काढण्याचा आदेश मिळवला होता. १५ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. ज्येष्ठांच्या संरक्षणासाठी गरज असेल तर घर रिकामे करण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. तथापि कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने (२००५) स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा जो हक्क दिला आहे, तो झटपट प्रक्रियेच्या आडून हिरावून घेता येणार नाही; दोन्ही कायद्यांचा मेळ घालून निर्णय करावा, असे न्यायालयाने सांगितले.

हा निकाल पिढ्यांच्या संबंधांविषयीही काही सांगतो. वृद्धांची शुश्रूषा प्रत्यक्षात कोण करते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. उत्तर बहुधा ‘सून’ किंवा ‘मुलगी’ असे असते. कायद्याच्या व्याख्येत सुनेचे नाव नाही, पण रात्री तीन वाजता उठून पाणी देणारी तीच असते. तिच्या नोकरीचा, झोपेचा, माहेरच्या आई-वडिलांचा विचार न करता केलेली कोणतीही व्यवस्था फार दिवस टिकत नाही.

निवृत्तिवेतन, उपचार, मदतवाहिनी

कुटुंबाबरोबरच शासनाचीही जबाबदारी आहे. राज्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या नावे असलेल्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून साठ वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना दरमहा आर्थिक साहाय्य मिळते. त्यासाठी किमान पंधरा वर्षे गोव्यात वास्तव्य असण्याची अट आहे. ही रक्कम संपूर्ण चरितार्थाला पुरणारी नाही. तरीही ज्या बाईने आयुष्यभर स्वतःच्या हाती पैसा पाहिला नाही, तिच्या खात्यात दरमहा काही जमा होते, याचे मोल केवळ रुपयांत मोजता येणार नाही. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा मात्र ७९ वर्षांपर्यंत दरमहा २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये इतकाच आहे.

उपचारांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला वार्षिक अडीच लाख आणि चार वा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण असे तिचे स्वरूप ठरवण्यात आले. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद करण्यात आली. २००७ च्या कायद्यानेही सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी खाटा आणि स्वतंत्र रांगा असाव्यात असे सांगितले आहे.

१४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. हा क्रमांक निःशुल्क आहे. छळ, बेवारस स्थितीतील वृद्ध, निवृत्तिवेतन किंवा कायदेशीर माहिती, यांपैकी कशासाठीही तेथे दूरध्वनी करता येतो. शेजाऱ्यांनाही तो करता येतो.

वृद्धाश्रम म्हणजे हार नव्हे

प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने उभारावा, असे कायदा सुचवतो. गोव्यात सार्वजनिक साहाय्याची परंपरा त्याहून जुनी आहे. ‘प्रोव्हेदोरिया’ या नावाने परिचित असलेली सार्वजनिक साहाय्य संस्था पोर्तुगीज काळापासून वृद्धांसाठी आश्रम चालवत आली आहे. धर्मादाय आणि चर्चशी संबंधित संस्थाही हे काम करतात.

वृद्धाश्रमाचा उल्लेख होताच आपल्याकडे दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. एक, ‘आमच्यात असे चालत नाही’; दुसरी, ‘आता दुसरा इलाज नाही’. दोन्हींत वृद्ध व्यक्तीला विचारलेले नसते. स्मृतिभ्रंशाने ग्रस्त पित्याला घरी एकटे कोंडून नोकरीला जाण्यापेक्षा प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली ठेवणे हे अधिक प्रेमाचे असू शकते. उलट, चालत्या-बोलत्या आईला केवळ घर विकायचे म्हणून आश्रमात पाठवणे हा अन्यायच. निवड कोणाची आणि कशासाठी, यावर सर्व अवलंबून आहे.

दोन पिढ्यांमधील समज

कायदा चरितार्थाची रक्कम ठरवू शकतो. संध्याकाळी शेजारी बसून पाच मिनिटे बोलण्याचा आदेश तो देऊ शकत नाही. उपजिल्हाधिकाऱ्यांसमोर जाणारे प्रत्येक प्रकरण त्यापूर्वी कित्येक वर्षे घरात अबोला म्हणून वावरलेले असते. म्हणून खरे काम अर्जाच्या आधीचे आहे.

ज्येष्ठांनीही काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात. आपण तिशीत घर बांधले म्हणून मुलानेही बांधावे, ही अपेक्षा आजच्या जमिनीच्या भावात बसत नाही. परदेशी गेलेला मुलगा सर्वच वेळी पळून गेलेला नसतो; पुष्कळदा घराचे छप्पर त्याच्याच पैशाने शाकारले जाते. नातवंडांच्या कपड्यांवर, विवाहाच्या निवडीवर आणि देवधर्मावर रोज टीका होत राहिली की ती जवळ येईनाशी होतात. आणि आपल्या आजाराचे, कर्जाचे, गुंतवणुकीचे तपशील मुलांपासून लपवल्याने मान राहत नाही, उलट संकट वाढते.

तरुणांनीही ध्यानात घ्यावे की, वृद्धत्वात माणूस एकेक गोष्ट गमावत असतो. आधी नोकरी, मग गाडी चालवणे, मग समवयस्क मित्र, मग जोडीदार. अशा वेळी ‘तुम्हाला काय कळतंय’ हे वाक्य उरलेल्या थोड्याशा अधिकारावर घाव घालते. मोबाईलवर येणारा ओटीपी वडिलांना विचारून घेणे वेगळे आणि फोनच काढून घेणे वेगळे. फसवणुकीचे फोन कसे ओळखावेत, हयातीचा दाखला मोबाईलवरून कसा द्यावा, हे शिकवायला नातवाला आठवड्यातील एक तास पुरतो. त्या तासात आजोबाही काही शिकवतात : शेताची हद्द कोठून जाते, घराण्याचे कागद कोठे आहेत, भजनातील कोणता अभंग कोणत्या चालीत म्हटला जायचा.

गोव्यात अशा भेटीच्या जागा अजून शाबूत आहेत. देवळातील भजन, सप्ताह, गावचे वाचनालय, नाट्यप्रयोगाची तालीम, घरासमोरचा सोपा. ज्येष्ठ नागरिक संघ आणि शाळा यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसण्याचा प्रघात पाडला, तर त्याला फार खर्च येणार नाही. पंचायतीने एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करून आशा कार्यकर्ती, टपालवाहक आणि शेजारी यांच्या मदतीने नियमित चौकशीची व्यवस्था लावली, तर अनेक दुर्घटना टळतील. जिल्हाधिकाऱ्यांनी ज्येष्ठांच्या जीविताच्या व मालमत्तेच्या संरक्षणासाठी कृती आराखडा राबवावा, हे कायद्यातच अपेक्षित आहे. गावपातळीवरील यादी ही त्याची पहिली पायरी ठरेल.

आधी बोलावे, मग लिहावे

कुटुंबाने वर्षातून एकदा, शक्यतो सर्व भावंडे चतुर्थीला वा नाताळाला एकत्र आलेली असताना, चार प्रश्नांवर मोकळेपणे बोलावे. आई-वडिलांना कोठे आणि कोणाबरोबर राहायचे आहे? औषधोपचाराचा खर्च कोण किती उचलणार? प्रत्यक्ष सेवा करणाऱ्याला इतर भावंडांनी सुट्टी आणि मोबदला कसा द्यायचा? आणि घराचे पुढे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आई-वडिलांनी द्यावे, इतरांनी ऐकावे. जे ठरेल ते कागदावर लिहावे. दानपत्र करायचे की मृत्युपत्र, की काहीच नको, याचा विचार त्यानंतर.

तोवर घर ज्यांनी बांधले त्यांच्याच नावावर राहू द्यावे. त्यात मुलांविषयी अविश्वास नाही. आई-वडिलांना त्यामुळे आश्रितासारखे वाटत नाही आणि मुलांनाही घर मिळवण्यासाठी सेवा केल्याचा बोल लागत नाही.